कोल्हापूरचें फुटबॉल : मार्गी आणि देशी

कुरुंदा हें वसमत तालुक्यांतील आमचें गांव. टोकाईचा गड जवळ, भोंवतीं हळदीचे मळे. शाळेच्या पटांगणावर आम्हीं जें फुटबॉल वर्षानुवर्षें पाहिलें तें म्हणजे एका चेंडूमागें तीस-चाळीस मुलांची धांव. त्यास कोणत्याहि संप्रदायाचें नांव देणें कठीण. असें असतां युरोपचा खेळ श्रेष्ठ कीं दक्षिण अमेरिकेचा, या वादांत आम्ही कसे ओढले गेलों, तें वाचकांस सांगावयाचें आहे.

२०२२ च्या डिसेंबरांत बहिणीकडील कार्यानिमित्त कोल्हापुरास जाणें झालें. पूर्णेस गाडींत बसून परळी, लातूर, पंढरपूर, मिरज असा तो लांबचा फेरा. शहरांत शिरतांच चौकाचौकांत अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे, ब्राझीलचा पिवळा रंग आणि मेस्सी, नेमार यांचीं पुरुषभर उंचीचीं चित्रें! पण हें वेड तेथें उपरें नाहीं. कोल्हापूरच्या कुस्तीच्या तालमी सर्वश्रुत आहेत. परंतु तेथील पेठांचीं तालीम मंडळें फुटबॉलचेहि संघ बाळगून आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, या सर्वांच्या नांवांत ‘तालीम’ आहे आणि पायांत चेंडू. राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने लागले म्हणजे पेठच्या पेठ तिकडे लोटते. २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

१८ डिसेंबरच्या रात्रीं अंतिम सामना होता. घरांत दोन तट पडले : थोरला भाचा फ्रान्सकडे, धाकटा अर्जेंटिनाकडे. “मामा, युरोपचा खेळ म्हणजे नुसतें पाठांतर,” धाकटा म्हणाला. “आणि तुमचा म्हणजे नुसता गोंधळ,” थोरल्यानें ऐकविलें. सामना ३–३ असा बरोबरींत सुटला आणि पेनल्टींवर ४–२ नें अर्जेंटिना जिंकला. त्या रात्रीं पेठेंत फटाक्यांमुळें झोंप कोणास आली असेल तर नवल.

आम्हांस मात्र शार्ङ्गदेव आठवला. देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयानें राहून त्यानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. त्यांत संगीताचे मार्ग व देशी असे दोन भेद सांगितले आहेत. नियमांनीं बांधलेला तो मार्ग; ज्या त्या देशांतील लोकांच्या रुचीस धरून रंजन करणारें तें देशी. फुटबॉलचे नियम १८६३ सालीं लंडनांत ठरले. अर्जेंटिनांत हा खेळ रुजविण्यांत अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शाळामास्तराचा मोठा वांटा (व्यवसायबंधु म्हणून आम्हांस अभिमान वाटला, हें कां लपवावें?), आणि ब्राझिलांत १८९४ सालीं इंग्लंडांत शिकून परतलेल्या चार्लस मिलरचा. पुढें तेथील गल्लीबोळांतल्या पोरांनीं त्यास आपलें वळण दिलें. चेंडू पायाशीं खेळवीत समोरच्यास चकविण्यांत त्यांस विशेष गोडी.

परंतु ही विभागणी फार ताणूं नये. १९५८ सालीं स्वीडनमध्यें जिंकलेल्या ब्राझीलच्या संघाबरोबर वैद्य, दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञहि होते. १९८६ च्या अर्जेंटिनाचा गुरु बिलार्दो हा वैद्यकीचा पदवीधर आणि डांवपेचांचा कांटेकोर. त्याच संघांत मॅराडोना. उलट १९७४ चे डच खेळाडू जागा बदलीत असे खेळत कीं त्यांस पाठांतरी म्हणणें अन्यायाचें होईल. जयांचा हिशेब पाहिला तर २०२२ पर्यंतच्या बावीस स्पर्धांत युरोप बारा वेळां आणि दक्षिण अमेरिका दहा वेळां. २००६ ते २०१८ या चारहि वेळां युरोप. मधल्या २०१४ सालीं तर जर्मनीनें ब्राझीलचा त्याच्याच घरीं ७–१ असा पाडाव केला.

आमच्या मतें खरा भेद दुसरीकडे आहे. १९५८ च्या ब्राझीलचे बावीसहि खेळाडू स्वदेशांतील संघांतले होते. २०२२ च्या अर्जेंटिनाच्या सव्वीसांपैकीं मायदेशच्या संघांत खेळणारा एकटा आर्मानी, तोहि राखीव गोलरक्षक. देशी विद्येचें गुरुकुलच परदेशीं गेलें आहे.

हें आम्ही बोललों आणि घरांतला खरा प्रश्न बाहेर आला. धाकटा चौदा वर्षांचा; तालमीच्या मुलांत खेळतो. त्यास शहराबाहेरच्या एका क्रीडाशाळेंत धाडावें असें मेहुण्यांच्या मनांत, आणि बहिणीचा जीव होईना. “दादा, तूं मास्तर, तूंच सांग,” ती म्हणाली. कुरुंद्याचीं हुशार मुलें दहावी होतांच नांदेड-लातूरच्या शिकवण्यांस जातात, आणि त्यांतलीं थोडींच परततात. तेव्हां हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. आम्हीं सांगितलें, “दहावीपर्यंत राहूं दे. डांवपेच मागाहून शिकतां येतात. पेठेंतलें खेळणें मागाहून मिळत नाहीं.”

“मामा, मेस्सी तेराव्या वर्षींच बार्सिलोनास गेला!” पोर तयारींत होतें.

“गेला, त्याच्या वाढीच्या औषधाचा खर्च त्या संघानें उचलला म्हणून. पण पायांत जें घेऊन गेला तें रोसारिओचें.”

मेहुणे कांहींच बोलले नाहींत. अर्ज मात्र त्यांनीं कपाटांत ठेविला. पोरानें कोपऱ्यांतला चेंडू उचलला आणि चहा न घेतांच तें तालमीकडे पळालें.