नाताळ एक दिवसाचा, माया रोजची



डिसेंबर महिना लागला की तालुक्याच्या बाजारात सांताच्या लाल टोप्या टांगलेल्या दिसू लागतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पालकांच्या मोबाईलवर निरोप येतात: अमुक तारखेला मुलांना लाल कपडे घालून पाठवा, सोबत एक भेटवस्तू द्या. मग आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलंही विचारतात, "बाई, आपल्याकडं सांता कधी येणार?"

टोप्या आणि चॉकलेटं वाटून या प्रश्नाचं उत्तर देता येतं. मुलं खूश होतात, फोटोही छान येतात. पण त्यातून मुलाच्या मनात काय राहतं, याचा आपण थोडा विचार करायला हवा. ज्याच्याजवळ आहे त्यानं द्यायचं आणि ज्याच्याजवळ नाही त्यानं हात पुढं करायचा, एवढंच मूल शिकलं, तर त्याला प्रेम कळलं असं म्हणता येईल का? माझ्या मते नाही. दुसऱ्यावर माया करणं, मदत करणं हे वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलालाही करता आलं पाहिजे, आणि तेही रोज. आज याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

नाताळची मूळ गोष्ट काय सांगते?

"आपल्या गावात ख्रिश्चन माणूस नाही, मग नाताळ कशाला?" असं एका पालकांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. आपण रोज परिपाठात दिनविशेष सांगतो. त्यात बुद्ध पौर्णिमा येते, ईद येते, महावीर जयंती येते, तसाच नाताळ येतो. शिवाय हा सण आपल्याला परका नाही. वसईच्या गावांमध्ये पिढ्यान् पिढ्या आपल्या मराठी बोलीत नाताळ साजरा होतो. गोव्यात नेवऱ्या, दोदोल असा नाताळचा फराळ, ज्याला तिकडं कुस्वार म्हणतात, शेजारच्या हिंदू घरी जातो आणि चवथीला त्या घरून गोडाचं ताट येतं. आपली दिवाळीच्या फराळाची रीत आठवा, तशीच ही रीत.

मुलांना सांता ठाऊक असतो, पण त्याची गोष्ट ठाऊक नसते. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नसल्यामुळे त्यांची लग्नं होत नव्हती. निकोलसनी रात्रीच्या अंधारात त्या घरात सोन्याच्या मोहरांची थैली टाकली आणि कुणाला न सांगता निघून गेले. या निकोलस संतांना डच लोक सिंटरक्लास म्हणू लागले आणि त्यावरून पुढं सांताक्लॉज हे नाव आलं. हुंडा म्हटल्यावर आमच्या मुलींना ही गोष्ट लगेच कळते. मी मुलांना एवढंच विचारते, "त्यांनी थैली रात्री का टाकली असेल? दिवसा सगळ्यांसमोर का दिली नाही?" मागच्या खेपेला एक मुलगी म्हणाली, "त्या पोरींच्या बाबाला लाज वाटली असती म्हणून." मला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट गव्हाणीची. योसेफ आणि मरिया जनगणनेसाठी आपलं गाव सोडून बेथलेहेमला गेले. मरियाचे दिवस भरले होते, पण उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं आणि त्याला गव्हाणीत निजवावं लागलं. ही बातमी सगळ्यात आधी कळली ती रानात रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना. ल्यूकच्या शुभवर्तमानात ही कथा अशी येते. गावाबाहेर मुक्काम करणारं कुटुंब, पदरात तान्हं मूल आणि "इथं जागा नाही" असं म्हणणारं गाव. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला हे चित्र अनोळखी नाही.

आमच्या शिवारातल्या कोप्या

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडं येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. गावाबाहेर ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे तीन-चारला आईबाप फडात जातात. मग थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते आणि जमलं तर शाळेत येते. गावाकडच्या शाळेतून ‘शिक्षण हमी कार्ड’ घेऊन आलेली अशी सात-आठ मुलं दरवर्षी आमच्या पटावर वाढतात. मार्च-एप्रिलात हंगाम संपला की ती निघून जातात.

गावातली मुलं वाईट नाहीत. पण ती या मुलांना नावानं हाक मारत नाहीत, ‘कोपीतली’ म्हणतात. खिचडीच्या वेळी पंगतीत मध्ये वीतभर जागा सुटते. हे मुलांनी कुठं पाहिलेलं असतं, ते आपण मोठी माणसं चांगलं ओळखतो.

पन्नास रुपयांची भेट

तालुक्याच्या एका शाळेत माझ्या ओळखीच्या बाई शिकवतात. त्यांच्याकडं ‘सिक्रेट सांता’ झाला होता. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला पन्नास रुपयांपर्यंतची भेट द्यायची, असा नियम. पन्नास रुपये म्हणजे काही फार नाहीत, असं आपल्याला वाटतं. त्या दिवशी चार मुलं गैरहजर राहिली. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर कुणाचं पोट दुखत होतं, कुणाच्या घरी पाहुणे आले होते. चारही मुलं मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरची होती. त्या चार मुलांना ज्यांच्या भेटी मिळायच्या होत्या त्या टेबलावर तशाच राहिल्या, आणि ज्यांना या चौघांकडून भेट मिळणार होती ती मुलं हिरमुसली. त्या बाई मला म्हणाल्या, "प्रेमाचा सण म्हणून ठेवला आणि पोरांना खोटं बोलायची वेळ आली."

म्हणून आमच्या वर्गात चिठ्ठ्या ठेवल्या, पण नियम बदलले.

आमची चिठ्ठी

17 तारखेला तिसरी-चौथीच्या मुलांची नावं डब्यात टाकली. प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि 24 डिसेंबरपर्यंत त्या मुलासाठी रोज एक चांगली गोष्ट करायची. एक रुपयाही खर्च करायचा नाही, काही विकत आणायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. निकोलसच्या गोष्टीतला नियम तसाच ठेवला.

24 डिसेंबरच का? त्या दिवशी साने गुरुजींची जयंती असते. 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातल्या पालगड इथं त्यांचा जन्म झाला. ‘श्यामची आई’ आपण मुलांना वाचून दाखवतोच. पण गुरुजी आधी शिक्षक होते हे मुलांना सांगायला हवं. अमळनेरच्या शाळेत शिकवताना आणि तिथलं वसतिगृह सांभाळताना मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. आणि हेच हळवे गुरुजी 1947 साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. प्रेम म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. जिथं कुणाला दाराबाहेर ठेवलंय तिथं ते दार उघडायला लावणं, हेही प्रेमच.

चिठ्ठ्या उघडल्यावर एक मुलगा माझ्याजवळ आला. बागायतदाराच्या घरचा. हळूच म्हणाला, "बाई, मला दुसरी चिठ्ठी द्या की." त्याला कोपीतल्या मुलीचं नाव आलं होतं. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची. मी म्हटलं, "चिठ्ठी बदलायची नाही. आज काही सुचलं नाही तर नुसतं बघ, तिला काय अडचण येतेय ते."

पहिले दोन दिवस त्यानं काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ती गणितं सोडवत असताना तिचा भाऊ शांत होता. हा पठ्ठ्या त्याच्यासमोर पेन्सिलीच्या टरफलांची फुलं मांडत बसला होता. चौथ्या दिवशी खिचडीची ताटली घेऊन तो पंगतीत तिच्या शेजारी बसला. मधली वीतभर जागा भरली. कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही.

आता त्या मुलीचं सांगते. तिच्या चिठ्ठीत वर्गातल्या एका अबोल मुलीचं नाव होतं, जिला पाढे येत नव्हते. कोपीतली ही मुलगी संध्याकाळी आईबापानं बांधलेल्या उसाच्या मोळ्या मोजायची. मोळ्या मोजता मोजता तिचा हिशेब पक्का झाला होता. मधल्या सुट्टीत पिंपळाखाली खडे मांडून ती त्या मुलीला सातचा पाढा शिकवायची. ज्या मुलीला सगळेजण फक्त घेणारी समजत होते, तिच्याजवळ द्यायला एवढं होतं.

24 तारखेला नावं जाहीर केली नाहीत. फक्त विचारलं, "या आठवड्यात तुमच्यासाठी कुणी काय केलं?" कुणी सांगितलं, माझी पाण्याची बाटली कुणीतरी भरून ठेवायचं. कुणी म्हणालं, माझ्या फाटक्या वहीला कव्हर लागलं. ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला कुणीतरी नावानं हाक मारली." त्या मुलानं मान खाली घातली होती.

लगेच सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. त्या मुलाच्या घरून निरोप आला, "पोराला त्यांच्याजवळ कशाला बसवता?" मी त्याच्या आजीला शाळेत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं, "आजी, बसवलं नाही, तो आपणहून बसला. वीस माणसांच्या टोळीनं तुमचा ऊस तोडला, त्यांचं लेकरू तुमच्या नातवाशेजारी जेवलं तर काय बिघडलं?" आजी काही बोलल्या नाहीत, पण नंतर निरोपही आला नाही. फेब्रुवारीत टोळी दुसऱ्या फडावर गेली. जाण्याआधी त्या मुलीची आई शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, इथं पोरगी साळंत जायाला रडली न्हाई बगा." दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव आलं, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "बाई, ती कुठल्या शाळेत गेली असेल?" त्याच्या मनात हा प्रश्न आला, हेच मला मोलाचं वाटतं.

आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रांनो, चिठ्ठीचा हा उपक्रम कुठल्याही महिन्यात करता येतो. एक काळजी मात्र घ्या: भेटवस्तू नको, बक्षीस नको, फळ्यावर ‘सर्वांत दयाळू विद्यार्थी’ असं नाव नको. बक्षीस लागलं की मुलं समोरच्या मित्राकडं बघायचं सोडून आपल्याकडं बघायला लागतात.

पालकांसाठी काही साध्या गोष्टी सांगते.

1. मुलांसमोर माणसांना नावानं हाक मारा. घंटागाडीवरचे दादा, घरकामाच्या ताई, रिक्षावाले काका यांचं नाव आपल्या मुलाला माहीत आहे का, हे एकदा विचारून बघा.

2. जुने कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून द्या, आणि देताना फोटो काढू नका. घेणाऱ्याचं मूल उद्या आपल्याच मुलाच्या वर्गात बसणार असतं.

3. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल त्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे नेऊन देतात. असा डबा द्यायला जाताना मुलाला सोबत न्या. तिथं काय बोलायचं आणि किती गप्प बसायचं, हे त्याला पाहूनच कळेल.

4. रात्री जेवताना "आज किती मार्क मिळाले?" याच्या जोडीला "आज तुला कुणी मदत केली? तू कुणाला केलीस?" हेही विचारा.

5. आपल्या मुलालाही दुसऱ्याची मदत घेऊ द्या. मदत घेण्यात कमीपणा नाही हे ज्याला कळतं, तो मदत करताना मोठेपणा मिरवत नाही.

यातल्या एकाही गोष्टीला लाल टोपी लागत नाही. टोपी घालायला हरकतही नाही, मुलांना मजा येते. आमच्या मुलांनी गेल्या वर्षी कागदाच्या टोप्या केल्या आणि धाकट्या भावंडांना घालून मिरवल्या. फक्त टोपी उतरवल्यावर काय उरतं, तिकडं आपलं लक्ष असू द्या. 25 डिसेंबरला सुट्टी असते. पण सुट्टी संपली की शाळा पुन्हा भरते, खिचडीची पंगत पुन्हा बसते आणि कोण कुणाशेजारी बसणार हा प्रश्न पुन्हा येतो. आपली खरी परीक्षा त्या दिवशी.

तुम्हा सर्वांना आणि तुमच्या मुलांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा!