बिनपिसाऱ्याचा मोर

माझी पाटोद्याला बदली झाली तेव्हा सासरच्या मंडळींनी माझे सांत्वन केले. पुण्याच्या साडूंनी तर "पाणी असतं का हो तिथं?" असे विचारले, तेही दुसऱ्यांदा चहा मागताना. तेव्हापासून मी पाटोद्याचा बिनफी वकील झालो. सौताड्याचा धबधबा सांगून झाला; पण डिसेंबरात त्याचा भरवसा नाही. उरला मोर! तालुक्यात नायगावला १९९४ पासून मोरांसाठी अभयारण्य आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. "आमच्याकडे मोर म्हणजे तुमच्याकडचे कावळे," असे मी एका लग्नाच्या पंगतीत बोलून गेलो. नाताळच्या सुट्टीत साडू सहकुटुंब हजर! गळ्यात दुर्बीण, आणि किंमत ऐकताच मी मनातल्या मनात हप्ता काढला असा कॅमेरा.

पहाटे निघालो. साडूंच्या हुकमाने सगळ्यांनी मातकट कपडे घातले. बायकोने मात्र बहिणीसमोर ठेवणीतली लाल शाल घेतलीच. वाटेत तारेवर वेडा राघू, कोतवाल, एक नीलपंख. भोरड्यांचा थवा ज्वारीवरून वळला तेव्हा साडू म्हणाले, "हे मध्य आशिया, पूर्व युरोपातून येतात." इतक्या लांबून हिवाळा काढायला आपल्याकडे येतात, हे मी बायकोला दोनदा ऐकवले.

मग मोर दिसले. सात-आठ होते, पण एकालाही धड पिसारा नाही! निळी मान, डोक्यावर तुरा आणि मागे सगळा आखूड कारभार. साडूंचा मुलगा म्हणाला, "काका, हे खरे मोर नाहीत." साडूंनी खुलासा केला, की पावसाळा सरता सरता पिसारा गळतो आणि पुरा यायला उन्हाळ्याची चाहूल लागते. हे ठाऊक होते तर आधी का नाही बोलले? साडूच ते! आणि मी तरी मोर पाहिले ते जून-जुलैत, शेतकी अधिकाऱ्यांच्या मागे मोटारसायकलवर बसून पीककर्जाच्या पाहणीला जाताना.

ज्वारीच्या कडेला दुर्बिणी लावून उभे होतो, तोच पलीकडे काहीतरी हलले आणि गडप झाले.

"रानडुक्कर?" साडू कुजबुजले.

"नाही. खातेदार."

पटका मी ओळखला होता. खाते थकीत. थोड्या वेळाने गडी आपणच बाहेर आला.

"सायेब, सुट्टीच्या दिवशी? आन् समदं घर घिऊन वसुलीला?"

पाखरं बघायला आलोय, हे मी शपथेवर सांगितले. त्याचा विश्वास बसेना.

"मोर बगाया कुणी येतं व्हय? मी रोज हाकलतोय त्यास्नी. पेरलेलं दाणं उकरून खात्यात. त्ये लिवा की तुमच्या फायलीत!"

मी काय बोलणार? आमच्या फायलीत दुष्काळाला रकाना आहे, गारपिटीला आहे, मोराला नाही.

एवढे बोलून तो गप्प झाला आणि शेकोटी पेटवायला लागला. कणसे भाजली, हातावर चोळली आणि गरम हुरडा पुढे केला. मी संकोचलो, तर म्हणाला, "पाखरं खात्यात, मग पावन्यांनी काय घोडं मारलंय?" साडूंनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. निघताना त्याने खोपीच्या वळचणीला खोचलेले मोरपीस काढून पोराच्या हातात दिले. "गळालेलं हाय, रानात घावलं." साडू पैसे देऊ लागले, तर घेईना. मला मात्र बाजूला घेऊन हळूच विचारले, "मग बँकेत सोमवारी येऊ का?"

"ज्वारी निघू द्या," मी म्हणालो. हा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

गाडीत साडू म्हणाले, "भला माणूस. किती थकलेत हो त्याचे?"

"खातेदाराची माहिती बाहेर सांगता येत नाही," मी म्हणालो आणि खिशातला उरलेला हुरडा तोंडात टाकला.