तेरचे पोवळे आणि मालवणचा विंचूमासा

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरी समुद्राशी त्याचे नाते जुने आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजेच तेर, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तेथील कापड भडोच बंदरात जाई, आणि त्याच बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालात पोवळेही असे. अंगठीतील ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. मालवणला गेलेल्या व्यापाऱ्याने त्याचा शोध घेऊ नये. तेथील प्रवाळ करडे-तपकिरी, थेट खडकासारखे. जीवविचारात विद्रुमाची गणना पृथ्वीकायात होते, तर जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. निर्जीव मात्र दोन्हीही म्हणत नाहीत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथील खडक-प्रवाळांत विंचूमासा राहतो. समोर असूनही तो दिसत नाही. अंगावर डाग, कातडीची लोंबती झालर, जणू शेवाळ धरलेला धोंडाच. या कुळातील तळाशी राहणाऱ्या अनेक माशांना तरंगण्यास साहाय्य करणारी हवेची पिशवी नसते. त्यांना तरंगायचेच नसते. तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. लहान मासा वा कोळंबी टप्प्यात येईपर्यंत निश्चल पडून राहतो आणि मग जबडा एवढ्या वेगाने उघडतो की पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आत खेचले जाते. डोळ्यांची पापणी लवण्याआधी व्यवहार संपतो!

पाठीवरचे विषारी काटे मात्र शिकारीसाठी नाहीत, केवळ स्वसंरक्षणासाठी आहेत. तो आपणहून कोणावर धावून जात नाही. आपला पाय त्याच्यावर पडतो. काटा रुतल्यास असह्य वेदना होतात. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते, म्हणून सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा.

दिवाळीच्या सुट्टीत आपली कितीतरी कुटुंबे मालवणला जातात. ओहोटीच्या वेळी मुले अनवाणी खडकांवर धावतात. त्यात मुलांच्या पायांना धोका आहेच, पण पायाखाली मोडणारे प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षे लागतात आणि ते गेले की त्यात दडणाऱ्या या पंचेंद्रिय जलचरांचा आसराही जातो. जाड तळव्याचे बूट घालावेत, प्रवाळावर चढू नये आणि नांगर वाळूतच टाकण्यास नावाड्याला आधीच सांगावे. भाडे ठरवतानाच सांगितलेले तो ऐकतो.