सोडवलेलं गाईड

खूप दिवसांनी लिहायला बसलेय. मधे दोन-तीन विषय डोक्यात घोळत होते, पण आज लिहिणार आहे ते त्यातलं एकही नाही. आज गणिताबद्दल लिहायचंय. थांबा, लगेच पळू नका :-)

तर झालं असं, की माझी भाची यंदा बारावीला. दादा-वहिनी साताऱ्याला. बोर्डाचे पेपर संपले तशी ती सीईटीच्या तयारीसाठी माझ्याकडे पुण्यात राहायला आली. येताना दोन बॅगा, एक डबा लाडू आणि उशीएवढं जाड गणिताचं गाईड. प्रत्येक धड्याची सूत्रं, मग सोडवलेली उदाहरणं, मग चार-चार पर्यायांचे शेकडो प्रश्न आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं, स्पष्टीकरणासकट. रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन गॅलरीत बसायची आणि कादंबरी वाचावी तसं ते गाईड वाचायची. वाचायचीच, हं. मांडीवर वही असायची, पण पेनाचं टोपण लावलेलं.

पहिली मॉक टेस्ट दिली. शंभरपैकी अठ्ठेचाळीस.

"आत्या, मला सगळं येतं गं. गाईडमधलं कुठलंही पान काढ. पेपरातच काहीतरी होतं."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हेच वाक्य मी २००६ साली बोलले होते.

आमच्या घरी तेव्हा क्लास वगैरे परवडण्यासारखे नव्हते. बाबा एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. दादाचं शिक्षण नुकतंच संपलेलं, त्यापायी घेतलेलं कर्ज अजून फिटायचं होतं. सीईटीसाठी गाईड हवं म्हटल्यावर बाबा रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि रात्री उशिरा सत्तर रुपयांचं एक जुनं गाईड घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आईने त्याला खाकी कव्हर घातलं.

गाईड चांगलं होतं. फक्त एक होतं, की त्याचा आधीचा मालक फार मेहनती होता. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या बरोबर पर्यायाभोवती त्याने पेन्सिलीने गोल केला होता. समासात बारीक अक्षरात पायऱ्याही लिहिल्या होत्या. मी प्रश्न वाचायचे, डोळा आपोआप गोलावर जायचा, मग समासातल्या पायऱ्या वाचायचे आणि मान डोलवायचे. हो, असंच येणार. पुढचा प्रश्न. असं करत मी ते गाईड दोनदा "संपवलं". खोडरबर हाताशी होता. एका संध्याकाळी ते सगळे गोल पुसता आले असते. पुसले नाहीत, कारण पुसल्यावर काय होईल ते मला आतून ठाऊक होतं.

पेपरात समासात काहीच लिहिलेलं नव्हतं. प्रश्न ओळखीचे वाटत होते, लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखे. चेहरा पाहिलेला, नाव आठवेना. शेवटची दहा मिनिटं मी नुसते गोळे काळे करत होते.

इंजिनिअरिंगची सरकारी सीट मिळाली नाही, आणि खाजगी कॉलेजच्या फीचा प्रश्नच नव्हता. मी बी.एस्सी. केलं, पुढे बँकेची परीक्षा दिली. माझं वाईट काही झालं नाही, तक्रार नाही. पण निकालाच्या दिवशी बाबा ओसरीवर बसून म्हणाले होते, "क्लास लावायला पाहिजे होता. माझीच चूक झाली." आणि मी गप्प बसले. नंतरही कुणी पाहुणे आले, माझ्या शिक्षणाचा विषय निघाला, की बाबा हेच म्हणायचे आणि मी दर वेळी चहा आणायला आत जायचे.

असो. भाचीकडे वळते.

त्या दिवशी मी तिला एक प्रश्न काढून दिला. शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्सचं वर्गमूळ, खाली साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ. तिने लगेच सांगितलं, "पाय बाय फोर." बरोबर. मग दुसरा दिला: त्याच मर्यादा, एक भागिले एक अधिक टॅन एक्स. बराच वेळ बघत राहिली. "हा केला नाहीये."

केला होता की! टॅनचं साइन-कॉसमध्ये रूपांतर केलं की हा आधीच्याचाच सख्खा भाऊ. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायचं, साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन, दोन्ही इंटिग्रल्सची बेरीज केली की आत नुसता एक उरतो. म्हणजे दुप्पट उत्तर पाय बाय टू, आणि उत्तर पाय बाय फोर. तिला पहिल्याचं उत्तर पाठ होतं, युक्ती हाताला नव्हती. यात तिचा दोष नाही. दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटतं. पुढची पायरी कुठली घ्यायची हा निर्णय मात्र आपण एकदाही घेतलेला नसतो.

मग आम्ही दोघींनी नियम केले. गाईडमधली स्पष्टीकरणाची सगळी पानं मी मोठ्या क्लिपांनी बंद करून टाकली. प्रश्नाशी निदान पाच मिनिटं झगडल्याशिवाय क्लिप काढायची नाही. काढून बघितलं, तर पुन्हा बंद करून कोऱ्या कागदावर स्वतः उतरवायचं, आणि तीन दिवसांनी तोच प्रश्न परत. शिवाय एक चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे कारण: सूत्र माहीत नव्हतं, माहीत होतं पण सुचलं नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. आठवड्याने वही चाळली तर सूत्र माहीत नसल्याच्या चुका सगळ्यात कमी! सुचलं नाही आणि नीट वाचलं नाही, हेच दोन रकाने भरलेले. म्हणजे ती रोज सकाळी जे वाचत बसायची, त्याची तिला गरजच सगळ्यात कमी होती.

परीक्षेचं रूप तेव्हापासून बरंच बदललंय. २०१४ आणि २०१५ साली तर राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर झाले, २०१६ पासून सीईटी परत आली आणि २०१९ पासून ती कॉम्प्युटरवर होते. गोळे काळे करणं गेलं. पण गणिताचा हिशोब सरळ आहे: पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, नव्वद मिनिटं. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. अकरावीचा भाग साधारण वीस टक्के, बाकी बारावी. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. दहा प्रश्न नुसते अंदाजाने टिचकवले तर सरासरी अडीच बरोबर येतात, पण प्रत्येकात दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर पाच. म्हणून आम्ही घड्याळ लावून तीन फेऱ्या करायला लागलो. पहिल्या फेरीत बघताक्षणी सुचणारे, दुसरीत कष्टाचे, तिसरीत पर्याय बाद करून राहिलेले.

परवाच्या मॉकला बहात्तर आले. खरा पेपर अजून व्हायचाय, त्यामुळे पेढे वगैरे काही नाही. पण त्या रात्री तिने विचारलं, "आत्या, तुला कसं कळलं माझं काय चुकतंय ते?"

मी तिला पेन्सिलीच्या गोलांची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. ती ऐकून म्हणाली, "मग आजोबांना सांगितलंस?"

रविवारी साताऱ्याला गेले. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कानाला जरा कमी येतं, त्यामुळे कबुलीजबाब मला मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच द्यावा लागला. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. मी सगळं सांगितलं. क्लासमुळे नाही, बाबा. मी गाईड सोडवलंच नव्हतं. नुसतं वाचलं होतं. तुम्ही आणलेलं पुस्तक चांगलं होतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घेताना मीच उघडून बघायला पाहिजे होतं. कोरं बघून आणलं असतं."

म्हणजे घ्या! इतक्या वर्षांनी एक चूक त्यांच्या डोक्यावरून उतरवायला गेले, तर त्यांनी दुसरी उचलून घेतली. मी हसले आणि रडलेही. आईने चहा टाकला. या वेळी मी आत गेले नाही, तिथेच बसून राहिले.

काका, मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या वेळी बाबांनी क्लासचा विषय काढला की त्यांना थांबवा. खरं काय ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि ते जुनं गाईड? माळ्यावर सापडलं, खाकी कव्हरासकट. खोडरबर घेऊन बसलेय. रोज दोन पानं पुसते आणि सोडवते. काल सहा प्रश्नांपैकी चार आले.