शाळेची परसबाग

आमच्या जळगाव जामोद तालुक्याचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीच्या खारट पाण्यावर पालक बऱ्यापैकी येतो, पण श्रावणघेवडा तग धरत नाही. म्हणून पोषण आहाराचे तांदूळ धुतलेलं गोडं पाणी फेकू नये, वाफ्यांना घालावं.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वाफे होतात, फलकही लागतो. पण दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार? खरी गोम इथेच आहे, मैत्रिणींनो! गुरुजी गावी जातात, मुलं मामाकडे. शाळेजवळच्या चारपाच आयांनी वार वाटून घेतले, तर मेथी-पालक जगेल. सुटीनंतर मुलांच्या ताटात हिरवी भाजी पडेल. एवढं तर आपल्याला जमेल ना?