शेवटचा अंक कुणाचा?

अकरावीच्या जर्नलमध्ये साध्या लंबकाच्या प्रयोगातून काढलेल्या गुरुत्वत्वरणाचं उत्तर बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं: जी = ९.७७१६४३७ मीटर प्रति सेकंद वर्ग. भोवती चौकट, एककही बरोबर, आकडेमोडीत एकही चूक नाही. तरी त्यातले शेवटचे पाच अंक मी लाल शाईने खोडतो, आणि मुलं नाराज होतात. ‘सर, कॅल्क्युलेटरवर एवढं येतंय ना!’ त्यांचं म्हणणं खरं आहे. ते अंक कॅल्क्युलेटरवर येतात, प्रयोगातून येत नाहीत.

सार्थ अंकांचा भाग अकरावीत सुरुवातीलाच, एकक आणि मापनाच्या धड्यात येतो आणि एक-दोन तासांत उरकला जातो. मुलं त्याचे नियम पाठ करतात: शून्य कधी मोजायचं, कधी नाही, पाच आला तर काय करायचं. मला विचाराल तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण लिहिलेला प्रत्येक अंक कुठून आला, हे विचारायला तो शिकवतो.

लंबकाचंच घ्या. लांबी १००.० सेंटिमीटर. वीस दोलनांना ४०.२ सेकंद लागले, म्हणून आवर्तकाल २.०१ सेकंद. स्टॉपवॉचचं बटण दाबायला हाताला थोडा उशीर होतोच, पण सुरू करताना आणि थांबवताना तो साधारण सारखा असल्याने बराचसा वजा होऊन जातो. तरी ०.१ सेकंदाची शंका उरली असं धरू. चाळीस सेकंदांत ती पाव टक्का होते. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून जीच्या वाट्याला अर्धा टक्का येतो. लांबीतल्या एका मिलिमीटरचा आणखी ०.१ टक्का. एकूण ०.६ टक्के, म्हणजे ९.७७ मध्ये जवळजवळ ०.०६. जी ९.७१ आणि ९.८३ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढंच हा प्रयोग सांगू शकतो. दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंकच डळमळीत आहे, मग सातवा कुठल्या तोंडाने लिहायचा?

आता त्याच रीडिंगवर पायची किंमत बदलून पाहा. ३.१४ घेतलं तर ९.७६, २२/७ घेतलं तर ९.७८, कॅल्क्युलेटरमधला पाय घेतला तर ९.७७. शेजारी बसणारी दोघं यावरून हमरीतुमरीवर येतात, पण तिन्ही उत्तरं ०.०६ च्या आत आहेत. भांडणाचं कारणच नाही. मात्र आवर्तकाल मध्येच २.०१ चा २.० केला की उत्तर ९.८७ होतं. पायचा वर्ग दहा धरला तर ९.९०. ही दोन्ही उत्तरं शंकेच्या बाहेर गेली. इथे प्रयोगाने कमावलेली माहिती आकडेमोडीने घालवली. म्हणून मी वर्गात सांगतो, मधल्या पायऱ्यांवर एक-दोन अंक जास्तच ठेवा, राउंड ऑफ एकदाच करा, तेही शेवटी.

वीस दोलनं का मोजतो, तेही इथेच कळतं. एकच दोलन मोजलं तर दोन सेकंदांत ०.१ सेकंदाची शंका म्हणजे पाच टक्के, आणि जीमध्ये दहा टक्के. विसाने अचूकता वाढते, आणि तो वीस स्वतः मोजदादीतून आलेला, त्यात शंका नाही. सार्थ अंक मोजताना त्याला आड येऊ द्यायचं नसतं.

महाराष्ट्रात बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे आमच्या मुलांना आणखी एक सवय लागते. टेबल चार अंकी असतं, म्हणून सगळी उत्तरं चार अंकी. वरच्याच रीडिंगला पायच्या वर्गाच्या चौपटीचा, म्हणजे ३९.४८ चा लॉग १.५९६४, आवर्तकालाच्या वर्गाचा, म्हणजे ४.०४ चा ०.६०६४, वजाबाकी ०.९९००, अँटिलॉग ९.७७२. शेवटचा दोन छापील कोष्टकाने दिला, लंबकाने नाही. पण याच टेबलाचं माझ्यावर ऋणही आहे. लॉगचा पूर्णांक भाग, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक, फक्त दशांश चिन्हाची जागा सांगतं, खरे अंक दशांश चिन्हानंतरच्या भागात, म्हणजे मँटिसात असतात, हे हाताला कळलेलं असतं. म्हणून रसायनशास्त्रात हायड्रोजन आयनांची संहती ०.००१३ असली की पीएच २.८९ का लिहायचा, हे अशा मुलांना पटकन पटतं: ०.००१३ मध्ये सार्थ अंक दोन, म्हणून पीएचमध्ये दशांश चिन्हानंतर दोनच स्थळं.

पाचाचा नियम मात्र मुलांना छळतो. शाळेत शिकलेलं असतं की पाच आला की वर जायचं. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक सांगतं, टाकायचा अंक नेमका पाच असेल तर आधीचा अंक सम असल्यास तसाच ठेवा, विषम असल्यास एकाने वाढवा. म्हणून २.७४५ आणि २.७३५ दोन्हींचे २.७४ होतात. मुलांना हा लहरीपणा वाटतो. पण दर वेळी वरच गेलं तर शेकडो आकड्यांच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साठत जाते. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराने हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक नुसते कापून टाकले जात. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये तो ५२५ च्या आसपास उतरला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. बाजार वाढला होता, आणि फलक मात्र तो निम्म्यावर आल्याचं दाखवत होता.

शून्याचा गोंधळही निराळाच. १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. सर्वेक्षणाची सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण लोकांना तो ढोबळ अंदाज वाटेल म्हणून वर दोन फूट घातले, असं सांगितलं जातं. कथा खरी असो वा नसो, अडचण खरी आहे. २९,००० मधली शून्यं मोजलेली की भरतीची, हे आकडा सांगत नाही. २.९००० गुणिले दहाचा चौथा घात असं लिहिलं की प्रश्न मिटतो. मुलांना ही पद्धत मोठमोठ्या आकड्यांची सोय वाटते. मला ती शून्याला साक्षीदार मिळवून देणारी पद्धत वाटते.

सर्वांत जास्त अंक गिळते ती वजाबाकी. लॉर्ड रॅले १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रोजनची घनता मोजत होते. एकाच काचेच्या गोळ्यात, एकाच तापमानाला आणि दाबाला, हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन भरला तर वजन सुमारे २.३१० ग्रॅम येई. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला भरला तर सुमारे २.२९९ ग्रॅम. दोन सार्थ अंकांत दोन्ही २.३. फरक अवघा ११ मिलिग्रॅमचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो खरा मानायचा तर दोन्ही वजनं मिलिग्रॅमच्याही आतपर्यंत खात्रीची हवीत, आणि रॅलेंची ती होती. त्यांनी नायट्रोजन मिळवण्याच्या रीती बदलून पाहिल्या, तरी दोन गट वेगळेच राहिले. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारलं. पुढे विल्यम रॅम्से सोबत आले आणि १८९४ मध्ये दोघांनी हवेतला नवा वायू जाहीर केला: अरगॉन. हवेच्या आकारमानात तो ०.९३ टक्के असतो. हेन्री कॅव्हेंडिशला १७८५ मध्येच हवेच्या प्रयोगात एक लहानसा बुडबुडा उरलेला दिसला होता. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून जास्त नाही, असं त्याने नोंदवून ठेवलं होतं. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्सेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुलांपुढच्या परीक्षा मात्र याच्या उलट सवयी लावतात. एमएचटी-सीईटीत चार पर्याय असतात, जवळचा निवडला की झालं. जेईई मेनच्या संख्यात्मक प्रश्नांना जवळचा पूर्णांक लागतो. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये दोन दशांश स्थळं मागतात, मग उत्तर ०.०३४५ असो की १२३४.५६, एकात एकच सार्थ अंक उरतो आणि दुसऱ्यात सहा. संगणकाने तपासायचं म्हणून हे करावं लागतं, हे मला मान्य आहे. पण लेखी पेपर माणूस तपासतो, प्रात्यक्षिक परीक्षेत तर परीक्षक समोर उभा असतो, तिथेही उत्तर ९.८ च्या किती जवळ आलं एवढंच पाहिलं जातं. मग मुलं काय करतात? आधी ९.८ ठरवतात आणि मागे जाऊन रीडिंग जुळवतात. मला हे फार लागतं. प्रामाणिकपणे घेतलेलं, ०.०६ च्या शंकेसह लिहिलेलं ९.७३ हे जुळवलेल्या ९.८ पेक्षा कितीतरी श्रेष्ठ विज्ञान आहे, आणि गुण त्याला मिळायला हवेत.

माझ्या हाती पेपर असता तर दोन गुणांचा एक प्रश्न मी दर वर्षी ठेवला असता. कॅलरीमीटरमधल्या पाण्याचं वस्तुमान ५२.३६ ग्रॅम. अर्ध्या अंशाच्या थर्मामीटरवर आधीचं तापमान २९.०, नंतरचं ३१.५ अंश. उष्णतेचं उत्तर जास्त खात्रीचं करायचं असेल तर तराजू बदलाल की थर्मामीटर, आणि का? दोन्ही वाचनांत अर्ध्या अर्ध्या अंशाची शंका, म्हणजे अडीच अंशांच्या फरकात एका अंशाची. ५२.३६ ऐवजी ५२.३६४१ लिहून तिथे काहीही हलत नाही. या प्रश्नाला लॉग टेबल उघडावं लागत नाही.