सोनाराची नव्हे, तळ्यातली मूस

आधी नुसती पाठ दिसली. ओली, काळपट, मधे वशिंडासारखा उंचवटा. मला वाटलं म्हैस! न्यूफाउंडलंडमधल्या तळ्यात पहाटे पाच वाजता म्हैस कुठून येणार, हा विचार नंतर सुचला. तेवढ्यात फस्सकन आवाज झाला आणि पाण्याखालून भलंथोरलं डोकं वर आलं. शिंगांवरून पाणी निथळतंय, तोंडातून कमळवेलीचे देठ लोंबताहेत, आणि स्वारी शांतपणे रवंथ केल्यागत जबडा हलवतेय.

"मावशी, ओरडू नकोस," भाचा कुजबुजला. मी ओरडले नव्हते हो. तोंड मात्र उघडंच राहिलं होतं.

तोवर मूस म्हणजे माझ्यासाठी सोनाराची, सोनं आटवायची. भाचा सेंट जॉन्सला शिकतो, म्हणून जुलैत कॅनडाच्या या पूर्वटोकाच्या बेटावर गेले. तिथून ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यान सातशे किलोमीटर. वाटेत जागोजागी मूसच्या पाट्या. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा भाच्याचा हट्ट. मला तो भित्रा वाटला. पण मूस पाहिल्यावर कळलं. पायच एवढे उंच की गाडी पायांना धडकते आणि चार-पाचशे किलोचं धूड थेट काचेवर येतं. रात्री त्याचे डोळेही चमकत नाहीत, कारण ते दिव्यांच्या झोताच्या वर असतात!

आम्ही झाडोऱ्याआड अर्धा तास उभे. डास तोडून खात होते, खाऊ देत. तो खांद्याशी माणसाहून उंच, नाक उंटासारखं ओघळलेलं, गळ्याखाली कातड्याची लोंबती झोळी. देवाने उरल्यासुरल्या सामानातून बनवला असावा असा, आणि तरी काय रुबाब! शिंगं अजून मखमलीत होती. ही शिंगं दर हिवाळ्यात गळून पडतात आणि उन्हाळ्यात काही महिन्यांत पुन्हा एवढी वाढतात. झाडपाल्यात सोडियम कमी, पाणवनस्पतींत जास्त. म्हणून हे पहाटेचं बुडून खाणं. नाकपुड्या पाण्याखाली चक्क मिटतात.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. हा प्राणी मुळी इथला नाहीच! बेटावर हरीणकुळातलं मूळचं जनावर एकच, कॅरिबू. 1904 साली न्यू ब्रन्सविकमधून दोन नर, दोन माद्या आणून हाऊलीजवळ सोडल्या. चार! त्याआधी 1878 मध्येही एक प्रयत्न झाला होता. आज बेटावर लाखाच्या आसपास मूस आहेत. लांडगे 1930 च्या सुमारास संपले. पिल्लांमागे काळी अस्वलं लागतात, बाकी भीती माणसाची. हिवाळ्यात बाल्सम फरच्या कोवळ्या झाडांना हे मूस डोकं वर काढू देत नाहीत. उद्यानात कुंपण घालून राखलेले तुकडे आहेत: आत फरची दाट रोपं, बाहेर गवत आणि खुरटलेले बुंधे. 2011 पासून उद्यानातही परवान्याने शिकार होते. हे कळल्यावर माझा जीव कळवळला, मग ते बाहेरचे बुंधे आठवले.

आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंना मात्र काही नवल नाही. "मूस? फ्रीझरमध्ये अर्धा आहे, माय लव्ह," म्हणाल्या, आणि चहा ओतत राहिल्या. इथल्या माणसांना नवलाची सवयच नाही. सोळा किलोमीटर लांब, दीडशे मीटरहून खोल सरोवराला ते 'वेस्टर्न ब्रूक पाँड' म्हणतात. पाँड! आमच्या रंकाळ्याला मग काय, डबकं?

तळ्यावरून परत आल्या आल्या ताईला फोन लावला. इथलं घड्याळही अर्ध्या तासाचं, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्याशी फरक बरोब्बर आठ तासांचा. मिनिटकाटा हलवावाच लागत नाही. माझे सहा, तिचे दुपारचे दोन. जेवणाचं पान पुढे असावं.

"सांबराएवढा?" तिने विचारलं.

"अगं, दाजीपूरचा गवा आठव. त्याला उंटाचे पाय लाव. डोक्यावर दोन सुपं ठेव."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "फोटो पाठव."

फोटो काढायचा राहूनच गेला होता.